शेतराखणीचा वेष आणि रानचे डोळे

गेल्या मार्गशीर्षांत येथील आठवड्याच्या बाजारांत कापडाच्या पालांवरून फिरत असतां एक गोष्ट सहज नजरेस आली. धोतरें, सदरे व पंचे यांच्या शेजारींच हिरवट, तपकिरी व काळ्या डागांच्या छापील विजारी आणि बंड्या यांचे ढीग मांडलेले होते व शेतराखणीस जाणारे तरुण त्या निवडून घेत होते. "हें अंगावर घाला, डुकराला माणूस दिसायचाच नाहीं," असें दुकानदार सांगत होता. घेणारे तें खरें मानीत होते. मींही मानलें. महसूल खात्यांतील कारकुनींत सारा जन्म दुसऱ्यांच्या शेतांच्या नोंदी करण्यांत गेला. आतां निवृत्तीनंतर वडिलोपार्जित शेत राखण्याची पाळी आली आहे, आणि या कामांत मी वाचकांपैकीं पुष्कळांहून नवशिका आहें, हें प्रथमच कबूल करितों.

पौषांत शाळू हुरड्यास आला. शेजारच्या उसाच्या फडांतून डुकरें रात्रीं शाळूंत शिरत व खातील त्याच्या चौपट ताटें मोडून टाकीत. एके दिवशीं पहाटेच्या अंधारांत ती नवी विजार व बंडी घालून मी बांधाच्या कडेनें वांकून चाललों होतों. माझ्या अंगानें ताटें हललीं असावीं. बांधापलीकडे शेजारी पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घेऊन बसले होते. तें मला ठाऊक नव्हतें, आणि मी तेथें आहें हें त्यांना ठाऊक नव्हतें. थंडीमुळें मला खोकल्याची उबळ आली. त्याबरोबर पलीकडून आवाज आला, "कोन हाय रं तिकडं?" मीं नांव सांगितलें. ते बांध ओलांडून आले तेव्हां त्यांचे हात थरथरत होते. "भाऊसाहेब, खोकला आला म्हनून वाचलात. मला निस्ती डुकराची पाठ दिसत व्हती," एवढेंच ते बोलले व मटकन् बांधावर बसले. डुकरें तर केव्हांच निघून गेलीं होतीं. अर्थात् त्या कापडानें फसला तो फक्त माणूस.

त्या दिवसापासून, रानांत जाणाऱ्यानें अंगावर काय घालावें आणि तें कोणाच्या डोळ्यांसाठीं घालावें, याचा मीं वाचून, विचारून व पाहून जो थोडा शोध केला, तो येथें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

प्रथम कायद्याची गोष्ट, कारण जुनी खोड सुटत नाहीं. शिकार हा शब्द आज जपून वापरावा लागतो. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याखालीं परवाना काढून शिकार करितां येत असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखालीं पुढें तो काळ संपला. काळवीट पहिल्या अनुसूचींत असून त्यास मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. रानडुक्कर व रोही यांनीं उभ्या पिकाची नासाडी चालविली असल्यास अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनें त्यांचा बंदोबस्त करण्याची तरतूद त्या कायद्याच्या ११ व्या कलमांत आहे व राज्यशासनानें २०१५ सालीं तिची रीत ठरवून दिली आहे. तो कागद हातीं नसतां केलेली हत्या गुन्हा होय. म्हणून या लेखांत शिकारी म्हटला म्हणजे तो जुन्या काळचा, किंवा परवानगी घेऊन निघालेला, असें समजावें. बाकीचा मजकूर राखणदारास, तसाच रेहेकुरीच्या अभयारण्यांत नुसतीं हरणें पाहावयास जाणारासही लागू आहे.

आतां डोळ्यांचा विचार. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. म्हणून आपणांस तांबडा, हिरवा व निळा असे रंग वेगळे कळतात. हरणें, गाईबैल, शेळ्यामेंढ्या व डुकरें या प्राण्यांचे डोळे शास्त्रज्ञांनीं तपासले तेव्हां त्यांत अशा पेशी दोनच प्रकारच्या आढळल्या. एक निळ्या रंगाची व दुसरी हिरवट-पिवळ्याची. याचा अर्थ असा कीं, तांबडा, केशरी व हिरवा हे जे आपल्याला एकमेकांपासून अगदीं भिन्न वाटतात, ते या प्राण्यांना बहुतेक एकाच मळकट छटेचे दिसतात. फरक राहातो तो उजळपणाचा व काळेपणाचा. तांबडा फडका पाहून बैल बिथरतो ही समजूत आपल्यांतही आहे. बैल बिथरतो तो फडका हालविल्यामुळें. पांढरा फडका तसाच हालवून पाहावा. वाघाचेंही तसेंच. आपल्याला तो झेंडूच्या फुलासारखा पिवळाजर्द दिसतो व इतका भडक प्राणी गवतांत लपतो कसा याचें नवल वाटतें. परंतु ज्या सांबरा-चितळांपासून त्याला लपावयाचें असतें, त्यांच्या डोळ्यांना तो गवताच्याच रंगाचा आहे.

निळ्या रंगाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. तो या प्राण्यांना चांगला दिसतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशांत तर तोच अधिक उठून दिसतो. शिवाय सूर्यप्रकाशांतील जे अतिनील किरण आपल्या डोळ्याच्या भिंगांतून आंत शिरत नाहींत, ते कित्येक सस्तन प्राण्यांच्या भिंगांतून शिरतात, असेंही आतां सिद्ध झालें आहे. येथें आपल्या घरच्या धुण्याचा संबंध येतो. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून आपण टिनोपालसारखी जी पूड वापरतों, आणि हल्लींच्या बहुतेक धुण्याच्या पुडींत जी आधींच मिसळलेली असते, ती न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर उजेड करून बाहेर टाकते. कपडा पांढऱ्याहून पांढरा दिसतो तो यामुळें. अर्थात् लग्नकार्यांत जो सदरा शोभतो, तोच पहाटेच्या वेळीं माळावर हरणाला कंदिलासारखा दिसत असला पाहिजे. बाजारांतील ती डागाळ विजारही घरीं आणून त्याच पुडींत धुतली, तर डाग आपल्यापुरते राहातात. हरणाला सारी विजार उजळलेली दिसते. शेतराखणीचे कपडे रिठ्यानें किंवा नुसत्या पाण्यानें धुवावेत, आणि गांधी टोपी खोपींत काढून ठेवावी. माणसाच्या अंगावर सर्वांत उंच, सर्वांत पांढरी व सर्वांत अधिक हालणारी वस्तु तीच असते.

रंगाच्या निवडींत दुसरी एक चूक होते. बाजारांत मिळणारें छापील कापड बहुधा हिरव्या झाडीचें असतें. तें कोंकणांत किंवा सह्याद्रीच्या घाटांत शोभेल. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. मिरजगांवच्या आसपास पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर हिरवें दिसतें तें पाटापाण्याखालचें व विहिरीवरचें. बाकी माळ मुरमाचा, गवत वाळलेलें, शाळूचीं ताटें पांढरटलेलीं, बाभळी व हिवर धुळीनें करडे झालेले. अशा जमिनीवर गर्द हिरवा माणूस म्हणजे काळा ठिपका. येथें वाळल्या कडब्याचा, मातीचा व राखेचा रंग चालतो. जुन्या मांजरपाटाचें कापड बाभळीच्या सालीच्या काढ्यांत उकळलें तर तपकिरी मातकट रंग येतो, व त्यांत थोडा हिराकस घातला तर तोच करडा होतो. हा उद्योग घरीं एका दुपारींत होतो. मात्र हिराकस अधिक पडल्यास कापड लवकर विरतें.

खाकी रंगाचा जन्म असाच धुळींतून झाला. १८४६ सालीं पेशावर येथें लम्सडेन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें गाइड्स नांवाचें पथक उभारलें व लवकरच आपल्या लोकांना तेथल्या धुळीच्या रंगाचे सैल कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. तांबड्या डगल्यांची हौस असलेल्या इंग्रज लष्करास ही गोष्ट पटण्यास पुढें दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धाचा मार खावा लागला, आणि १९०२ सालीं त्यांच्या घरच्या फौजेनेंही खाकी पत्करली. डागाळ कपड्यांची कल्पना त्यानंतरची. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं फ्रेंचांनीं चित्रकारांचें एक खातेंच उघडलें व तोफा, गाड्या यांवर रंगांचे पट्टे ओढून त्यांची आकृति मोडण्यास आरंभ केला. आकृति मोडणें हें या विद्येचें मर्म होय. तथापि ती सारी विद्या माणसाच्या डोळ्यांविरुद्ध रचलेली आहे, हें विसरूं नये. शत्रू माणूस होता, डुक्कर नव्हता.

जनावराच्या डोळ्यांविरुद्धची विद्या आमच्याच माळावर होती, आणि ती जाणणारे लोक पारधी. त्यांच्यांतील कांहींजण फासे लावीत, म्हणून ते फासेपारधी. कांहीं गायपारधी म्हणून ओळखले जात. गायपारध्याजवळ शिकविलेली गाय किंवा बैल असे. तो चरत चरत, थांबत थांबत हरणांच्या कळपाकडे सरके व पारधी त्याच्या आडून पावलास पाऊल देऊन चाले. काळवीट उघड्या माळावर राहातें, त्याची भिस्त मुख्यतः डोळ्यांवर असते, आणि त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मागचाही बराच मुलूख त्याला मान न वळवितां दिसतो. त्या डोळ्यांना दोन पायांवर उभी असलेली आकृति ओळखतां येते व तिचें भय असतें. चार पायांवर चरणाऱ्या गुराचें भय नसतें. पारध्याला हें पुस्तकावांचून कळलें होतें. अंगाला पानाफुलांचें कापड न लावतां त्यानें आपली आकृतिच बैलाच्या आकृतींत बुडविली. संस्थानिकांनींही हेंच केलें. कोल्हापूर संस्थानांत पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, तेव्हां डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता बैलगाडींत बसवून नेत. कारण बैलगाडी नित्याची म्हणून हरणें तिला जवळ येऊं देत. ती शिकार गेली, हिंदुस्थानांतील चित्ताही नाहींसा झाला. मध्य प्रदेशांत कुनो येथें २०२२ सालीं सोडलेले चित्ते आफ्रिकेंतून आणलेले आहेत. पारध्यांच्या वांट्यास तर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का आला, जो १९५२ सालीं कागदावरून पुसला गेला व लोकांच्या मनांतून अजून पुरता पुसलेला नाहीं. माळावरील जनावरांचें त्यांच्याइतकें ज्ञान आमच्यांपैकीं कोणास आहे असें मला वाटत नाहीं. नोकरींत असतां नुकसानीच्या पंचनाम्यास गेलों म्हणजे खूर पाहून जनावर, त्याची वेळ व संख्या सांगणारा मनुष्य बहुधा त्यांच्यांतलाच निघे.

रेहेकुरीस जे गेले असतील त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली असेल. हें अभयारण्य आपल्याच कर्जत तालुक्यांत १९८० सालीं झालें. क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. तेथल्या आणि भोंवतालच्या माळांवरचीं हरणें मोटारींतून उतरलेल्या शहरी पाहुण्यास पाहून दुरूनच उधळतात, पण मेंढरांमागें चाललेल्या धनगरास बरेंच जवळ येऊं देतात. धनगराच्या डोक्यावर तर तांबडें पागोटें असतें! तांबड्याचा भडकपणा त्यांना कळत नाहीं हें वर सांगितलेंच; शिवाय खांद्यावर काळी घोंगडी असते. घोंगडीची थोरवी मला या शोधांतच कळली. दख्खनी मेंढीची लोंकर न रंगवितां विणलेली, म्हणून तिला चकाकी नाहीं. चालतांना ती सळसळत नाहीं, नायलॉनची बंडी मात्र कडब्यांतून जातांना कागदासारखी वाजते. खोळ करून घेतली म्हणजे डोकें, मान व खांदे हें जें माणसाचें मुख्य चिन्ह तें तिच्यांत बुडून जातें. पौषांतल्या थंडीचा उपाय वेगळा शोधावा लागत नाहीं तो निराळाच. तिचा दोष एवढाच कीं ती भिजली म्हणजे जड होते व तिला वास येतो; पण तो वास मेंढराचा असल्यामुळें रानांत परका नाहीं.

वासावरून डुकराकडे वळूं. हरणाविरुद्ध जें चालतें तें डुकराविरुद्ध चालत नाहीं, कारण डुक्कर पाहाण्यावर फार विसंबतच नाहीं. त्याची नजर मंद, नाक व कान तीक्ष्ण. वारा आपल्या पाठीवरून त्याच्याकडे वाहात असेल तर कोणतेंही कापड फुकट. तेलाचें डोकें, विडीचा धूर, साबणाचा सुगंध, यांनीं त्याला आपली खबर आधींच पोंचते. म्हणून राखणदाराची पहिली तयारी कपड्याची नसून वाऱ्याची आहे. चिमूटभर बारीक माती सोडून वारा पाहावा, मग बसण्याची जागा ठरवावी. कपडे मात्र शेतांतच, खोपींत, कडब्याच्या पेंढींत ठेवावे म्हणजे त्यांना घराचा वास राहात नाहीं. अर्थात् हें ज्याला परवानगीनें बंदोबस्त करावयाचा आहे त्याच्यासाठीं. ज्याला डुकरें नुसतीं हुसकावयाचीं आहेत त्याला लपण्याचें कारणच काय? त्यानें उघडें बसावें, बोलावें, डबा वाजवावा, विजेरी फिरवावी. माझ्या ध्यानांत हें त्या पहाटेनंतर आलें. डुकरांनीं मला पाहून जावें हीच माझी इच्छा, आणि मी त्यांच्यापासून लपून बसलों होतों! ती डागाळ विजार व बंडी हल्लीं शेतांतल्या बुजगावण्याच्या अंगावर आहे, आणि बुजगावणें दिसेनासें झालें असें घरांतील मुलें म्हणतात.

बिबट्याच्या बाबतींत तर लपणें हा घातच आहे. आपल्या जिल्ह्यांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आतां नवा राहिलेला नाहीं. वांकलेलें, बसलेलें किंवा लहान दिसणारें माणूस त्याला भक्ष्यासारखें वाटण्याचा संभव अधिक. म्हणून उभें राहावें, बोलत जावें, उजेड बाळगावा, असें वनखातें सांगतें. घोंगडीची खोळ घेऊन फडाच्या कडेला उकिडवें बसणें जेथें बिबट्याची खबर आहे तेथें सर्वथा वर्ज्य करावें. वर केलेली घोंगडीची स्तुति त्या ठिकाणापुरती मीं मागें घेतों. २०२५ च्या नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडकडील शेतकरी स्त्रीपुरुष गळ्याभोंवतीं खिळ्यांचे पट्टे बांधून शेतांत जात होते. बिबट्या मानेस धरतो म्हणून. आपल्या शेजारच्या मुलुखांत शेतराखणीच्या वेषावर ही पाळी आली.

शेवटीं माणसाचे डोळे. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलांत गांवकरी रानडुकराच्या शिकारीस गेले असतां त्यांतल्याच एकानें डुक्कर समजून गोळी झाडली व सोबतचा माणूस मेला. वर्तमानपत्रांत तें वाचतांना मला माझ्या बांधावरचा खोकला आठवला. अमेरिकेंत हरणांची शिकार परवान्यानें चालते, तेथें कित्येक संस्थानांत बंदूक घेऊन रानांत जाणाऱ्यानें डोळे दिपतील असा केशरी रंग अंगावर घातलाच पाहिजे असा नियम आहे. कारण वर आलेंच आहे. तो रंग हरणाला मळकट दिसतो आणि माणसाला कोसावरून ओळखतां येतो. आपल्याकडे केशरी फेटा कोणाच्या घरांत नाहीं? दिवसा राखणीस जातांना तोच बांधावा, म्हणजे माळावर हरणाचे डोळे चुकतात आणि शेजाऱ्याचे चुकत नाहींत.

रात्रीं मात्र फेट्याचा उपयोग नाहीं. अंधारांत केशरी काय आणि काळा काय. नगर-सोलापूर रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या अंगांत केशरी जाकिटें असतात व त्यांवर रुपेरी पट्ट्या असतात, तीं वाचकांनीं पाहिलीं असतीलच. त्या पट्टीवर विजेरीचा किंवा गाडीचा उजेड पडला म्हणजे ती लखकन् चमकते. असें जाकीट नगरास व कर्जतला सहज मिळतें. राखणीच्या रात्रीं तें सर्वांत वर, घोंगडीच्याही वर, घालावें.

डागाळ कापडाविषयीं आणखी एक कारकुनी सूचना. २०२२ च्या जानेवारींत सैन्यदिनीं भारतीय लष्करानें आपला नवा ठिपकेदार गणवेष दाखविला. त्याची नक्षी लष्कराच्या नांवें नोंदलेली असून परवानगीवांचून ती बाजारांत विकण्यास मनाई आहे. आणि पाहणाऱ्याला आपण सैनिक वाटावें या हेतूनें तसा पोशाख घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमान्वयें तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. शेतराखणीस जाणाऱ्याचा तो हेतू नसतो हें खरें. परंतु हेतू सिद्ध करण्यासाठीं तालुक्याच्या किती खेपा घालाव्या लागतात हें मीं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनें पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. साधी मातकट विजार शिवून घ्यावी.

बांधापलीकडचे शेजारी व मी अशा दोघांनीं आतां जाकिटें घेतलीं आहेत. संध्याकाळीं कोण कोणत्या कोपऱ्यांत बसणार हें आधीं फोनवरून सांगतों, आणि जागा बदलावयाची झाल्यास विजेरी दोनदां लावून विझवितों. यंदा शाळूचा कोपरा डुकरांनीं खाल्लाच. साधारण चार पांड जागा गेली. त्याचा पंचनामा व्हावयाचा आहे.